स्वस्तातले वेडर आणि बूट: ओढ्यात उतरून मासेमारी करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गळाची काठी घेऊन वाहत्या पाण्यात उतरणारे लोक कपडे आणि बुटांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझा कल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची उत्तरं कुठल्या बाजूने झुकलेली आहेत ते कळेल: पैसे मोजके असतील तर ते पायाखाली घाला. वेडर गळले तर तुम्ही भिजता, बूट घसरले तर पडता. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात लागली तर फक्त क्रमांक सांगितला आहे.

१. वेडर म्हणजे नेमकं काय? आणि मला ते लागतातच का?

पाण्यात उभं राहूनही अंग कोरडं ठेवणारी, पायांपासून वर चढणारी जलरोधक विजार म्हणजे वेडर. लागतातच असं अजिबात नाही. पाणी आणि हवा दोन्ही उबदार असतील तर पटकन वाळणारी विजार, निओप्रीनचे (म्हणजे फेसाळ रबराचे) मोजे आणि चांगले बूट एवढ्यावर भागतं. जगभर असंख्य लोक उन्हाळाभर असेच भिजून मासे धरतात आणि वेडर फक्त थंडीत बाहेर काढतात.

खरा प्रश्न थंडीचा आहे. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं, त्यामुळे हवा सुखद वाटत असली तरी डोंगरातून वितळून आलेल्या पाण्यात अर्ध्या तासात पाय बधिर होतात. बधिर पायांना खालचा दगड हलतोय की नाही ते कळत नाही आणि पडण्याची सुरुवात तिथेच होते. पाण्याचं तापमान १५ अंश सेल्सियसच्या खाली असेल आणि तासन्‌तास उभं राहायचं असेल, तर वेडर घ्या. त्याच्या वर असेल तर आधी नुसत्या बुटांवर एक मोसम काढून पाहा. वेडरवर वाचलेला सगळा पैसा चांगल्या बुटांना कामी येईल.

२. एकूण रक्कम ठरलेली आहे. वेडरवर जास्त घालू की बुटांवर?

बुटांवर. स्वस्त वेडर आणि महाग वेडर यांतला फरक मुख्यतः टिकाऊपणाचा आणि घामाचा असतो. पहिल्या दिवशी दोन्ही पाणी सारखंच अडवतात. स्वस्त आणि चांगल्या बुटांतला फरक मात्र पहिल्याच गोट्यावर कळतो: घोट्याला आधार, बोटांवर कडक टोपी, निसरड्या दगडाला धरून राहणारा सोल. शिवाय वेडरला ठिगळ लावता येतं (प्रश्न १५). मुरगळलेल्या घोट्याला लावता येत नाही.

एकच अपवाद. तुमचा ओढा वाळूचा किंवा बारीक खडीचा, सपाट आणि संथ असेल तर सोलवर फार खर्च करू नका. तिथे कुठलेही घट्ट बसणारे बूट चालतात.

३. मांडीपर्यंतचे, कमरेपर्यंतचे की छातीपर्यंतचे?

पहिली आणि एकच जोडी घ्यायची असेल तर छातीपर्यंतचे. मांडीपर्यंतचे स्वस्त आणि हलके असतात, छोट्या झऱ्यांवर मजेत चालतात, पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की तुमचा दिवस त्यांच्या काठाकडे लक्ष ठेवण्यात जातो. आणि एकदा काठावरून पाणी आत आलं की दोन्ही पायांत टाकी भरते.

छातीचे वेडर गरम वाटले तर खांद्याचे पट्टे सोडून, वरचा भाग दुमडून कमरेवर आवळता येतात. उलटं करता येत नाही. कमरेचे वेगळे घेण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा तुम्ही कायम मांडीभर पाण्यातच उभे राहता आणि पाण्यापर्यंत पोचायला बरीच पायपीट असते.

४. स्टॉकिंगफूट आणि बूटफूट यांत फरक काय?

बूटफूटमध्ये रबराचा बूट वेडरलाच जोडलेला असतो. स्टॉकिंगफूटच्या टोकाला निओप्रीनचा मोजा असतो आणि त्यावर वेगळे बूट घालावे लागतात.

बूटफूट एकत्रित किमतीत स्वस्त, घालायला झटपट, थंडीत पाय जास्त ऊबदार. पण जोडलेला बूट सैल असतो, घोट्याला धरत नाही. गोट्यांनी भरलेल्या ओढ्यात हा मोठा दोष आहे. चिखलात त्याचा पाय रुततो आणि ओढून काढताना टाच बुटातून वर येते. शिवाय बूट फाटला की अख्खा वेडर गेला.

वाहत्या पाण्यासाठी स्टॉकिंगफूट. तळ्याच्या काठी किंवा समुद्राच्या वाळूत उभं राहणाऱ्यांना बूटफूट जास्त सोयीचा, कारण वेगळ्या बुटांच्या नाड्यांत आणि फटींत वाळू शिरते. एकाच बूटफूट जोडीत दोन्ही कामं करायची असतील तर निदान आतून पाय घट्ट बसेल असा जाड मोजा घाला.

५. पीव्हीसी, नायलॉन, निओप्रीन, ब्रीदेबल... स्वस्तात कुठलं कापड परवडतं?

पीव्हीसी आणि रबर सगळ्यात स्वस्त. पाणी अडवण्यात कुठेही कमी नाहीत. पण घाम बाहेर जायला वाटच नसते, त्यामुळे चालताना आतून रेनकोट घालून पळाल्यासारखं होतं. कडक थंडीत पीव्हीसी ताठरतं आणि घडीवर तडकतं. गाडीतून उतरून लगेच पाण्यात उभं राहायचं, फार चालायचं नाही, असं असेल तर मी त्याला नाव ठेवणार नाही.

आतून लेप दिलेलं नायलॉन हे पीव्हीसीपेक्षा हलकं असतं. घडी लहान होते, घाम जवळजवळ तितकाच. वर्षातून चार वेळा जाणाऱ्याला पुरतं.

निओप्रीन म्हणजे बंद बुडबुड्यांचं फेसाळ रबर. ते बुडबुडेच ऊब धरतात. जाडी साधारण ३ ते ५ मिलिमीटर. गोठवणाऱ्या पाण्यात स्थिर उभं राहायचं असेल तर याच्यासारखं स्वस्त आणि ऊबदार दुसरं काही नाही. पण उन्हाळ्यात ते अंगावर असह्य होतं, वजनाला जड आणि वाळायला आळशी. म्हणजे निओप्रीन घेतलं तर तुम्ही फक्त हिवाळ्यासाठी घेतलं असं धरा.

ब्रीदेबल कापडात दोन कापडांच्या मध्ये किंवा आतल्या बाजूला एक पातळ पडदा किंवा लेप असतो. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, पण वाफ बाहेर जाऊ शकते. हा प्रकार आता इतका पसरला आहे की त्याच्या स्वस्त आवृत्त्याही मिळतात, आणि बारा महिन्यांसाठी एकच जोडी घ्यायची असेल तर माझं उत्तर तेच. त्याला स्वतःची ऊब जवळपास नसते. थंडीत आत थर चढवायचे, उन्हाळ्यात काढायचे (प्रश्न १२).

एक गैरसमज इथेच दूर करतो. वाफ बाहेर जाते ती आत बाहेरपेक्षा जास्त उष्ण आणि दमट असेल तेव्हाच. दमट, गरम हवेत महागातलं ब्रीदेबलसुद्धा ओलसर वाटतं. तो कापडाचा दोष नाही. अशा हवेत वेडरच नको, प्रश्न १ पाहा.

६. तीन थर, चार थर, पाच थर: जास्त थर म्हणजे जास्त चांगलं?

जास्त थर म्हणजे जास्त टिकाऊ, आणि तेवढंच जड, महाग. स्वस्त गटात शोधताना पूर्ण वेडरच्या थरांकडे बघू नका. गुडघ्यांवर, नडग्यांवर आणि बसायच्या जागी दुहेरी कापड आहे का ते बघा, कारण झुडपं आणि दगड तिथेच घासतात. छातीवर पाच थर असले काय आणि दोन असले काय, तिथे सहसा काही होत नाही.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे शिवण. दोन्ही पायांच्या आतल्या बाजूने, मांड्या एकमेकींना घासतात बरोबर तिथून शिवण जात असेल तर ती आधी झिजते. ती पुढे किंवा मागे सरकवलेली असेल तर बनवणाऱ्याने विचार केलाय असं समजा. आतून सगळ्या शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे ना, तिची टोकं सुटलेली नाहीत ना, हे वेडर उलटा करून बोट फिरवून पाहा.

७. वेडरचं माप कसं घ्यायचं? माझी उंची मधली, पोट मोठं आहे.

वेडर गळण्याचं एक मोठं कारण चुकीचं माप आहे. तंग वेडरमध्ये वाकलं की दोन पायांच्या सांध्यावर ताण येतो आणि तिथली शिवण सुटते. ढगळ वेडर पाण्यात प्रवाह पकडतो आणि चालताना कापड स्वतःवरच घासतं. म्हणून चार मापं घ्या: छाती किंवा पोट यांपैकी जे मोठं असेल त्याचा घेर, नितंबांचा घेर, पायाच्या आतल्या बाजूची लांबी आणि पावलाची लांबी. घेर घेताना थंडीतले आतले कपडे अंगावर असू द्या.

घालून बघताना तीन गोष्टी करा. पूर्ण उकिडवे बसा. एक पाय उंच पायरीवर ठेवून गुडघा छातीकडे आणा. मग पुढे वाकून बुटाची नाडी बांधायचं नाटक करा. तिन्हीत कुठे ओढलं गेलं नाही आणि घोट्यापाशी कापडाचा ढीगही झाला नाही, तर माप बरोबर.

पोट मोठं आणि पाय आखूड, किंवा सडपातळ आणि उंच, अशांनी ‘आखूड’, ‘लांब’ आणि ‘रुंद’ अशी उपमापं देणाऱ्या कंपन्याच बघाव्यात. स्त्रियांसाठीचे वेडर मिळत असतील तर तेच घ्यावेत. पुरुषांच्या लहान मापात नितंबांवर तंग आणि खांद्यापाशी सैल असा दुहेरी त्रास होतो. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर घेर जिथे आरामात बसतो ते मोठं माप घ्या. लांबी पट्ट्याने थोडी सावरता येते, घेर नाही.

निओप्रीनच्या मोज्याचं माप बरेच जण विसरतात. मोठा मोजा बुटात चुण्या पाडतो, त्या चुण्या झिजतात आणि गळती तिथूनच सुरू होते. लहान मोजा अंगठ्यापाशी फाटतो.

८. बूट नेहमीच्याच मापाचे घेऊ की एक माप मोठे?

कंपनीप्रमाणे बदलतं. काही जण मोज्याची जाडी आधीच हिशोबात धरून बूट बनवतात, काही धरत नाहीत. त्यामुळे वेडरचा मोजा आणि त्याच्या आत तुम्ही खरंच घालणार असलेला मोजा, दोन्ही घालून बूट बघा. नाडी आवळल्यावर बोटं हलली पाहिजेत, टाच वर येता कामा नये. बोटं हलत नसतील तर रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. थंडीत पाय गोठतात म्हणून दुसरा जाड मोजा कोंबणाऱ्यांचे पाय म्हणूनच जास्त गोठतात.

वेडर न घालताही तेच बूट वापरायचे असतील तर निओप्रीनचे वेगळे मोजे घ्या. त्यांनी माप जुळतं.

९. फेल्टचा सोल, रबराचा सोल, खिळेवाला सोल: निसरड्या दगडांवर कुठला?

फेल्ट म्हणजे दाबून घट्ट केलेल्या तंतूंचं जाड कापड. बुळबुळीत शेवाळ चढलेल्या गोल गोट्यांवर नुसत्या रबरापेक्षा ते चांगलं धरतं, कारण मऊ तंतू दगडाच्या बारीक खाचांत दबून बसतात. स्वस्त बुटांतही ते मिळतं. पण चिखलाच्या किंवा ओल्या गवताच्या उतारावर फेल्ट घसरगुंडी होतं. बर्फात त्याखाली बर्फाचे गोळे साठतात आणि तुम्ही प्रत्येक पावलाला उंच होत जाता. ते लवकर झिजतं आणि वाळायला फार वेळ घेतं. शिवाय काही ठिकाणी ते वापरायलाच मनाई आहे, त्याबद्दल प्रश्न १०.

नुसतं रबर चालायला उत्तम, धुवायला सोपं, टिकाऊ. शेवाळावर मात्र जाहिरातीत लिहिलं असतं तेवढं धरत नाही. ‘चिकट रबर’ म्हणून जे विकतात ते साध्या रबरापेक्षा बरं, तरी फेल्टच्या मागेच. गमबुटासारख्या कडक रबराचा सोल असेल तर तो बूट घेऊच नका.

रबर अधिक खिळे ही जोडी माझ्या मते कमी पैशात सगळ्यात जास्त ठिकाणी चालणारी आहे. टंगस्टन कार्बाइडचे टोकदार खिळे शेवाळाचा थर भेदून खालच्या दगडाला लागतात. पण खिळेही सगळीकडे चालत नाहीत. गुळगुळीत, कडक, सलग कातळावर टोकाला रुतायला जागा नसते आणि ते घसरतात. अशा कातळावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जास्त चांगल्या, कारण तो मऊ धातू दगडावर घासून धरतो. खिळ्यांचा आवाज पाण्यात लांबवर जातो. संथ, उथळ, काचेसारख्या स्वच्छ पाण्यात बुजऱ्या माशांच्या मागे असाल तर हे लक्षात ठेवा. आणि खिळेवाले बूट घालून दुसऱ्याच्या होडीत पाय ठेवू नका. हवा भरलेल्या होडीत तर मुळीच नको.

तुमच्या ओढ्याचा तळ कसा आहे ते आधी पाहा, मग सोल निवडा. त्याच ओढ्यावर जाणाऱ्या एखाद्या जुन्या माणसाच्या बुटांखाली डोकावलात तर निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

१०. फेल्टवर बंदी का आहे? आणि कुठे?

फेल्ट पाणी धरून ठेवतं, आणि त्या ओलाव्यात सूक्ष्म जीव जिवंत राहून तुमच्याबरोबर दुसऱ्या नदीत पोचतात. सगळ्यात जास्त नाव झालं ते डिडिमो या एकपेशीय शैवालाचं. दगडांवर त्याचा जाड, मळकट थर चढतो. २००४ मध्ये ते न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सापडलं आणि २००८ मध्ये तिथे मासेमारीसाठी फेल्टचे सोल वापरायला बंदी आली. अमेरिकेत अलास्काने २०१२ पासून आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने २०१८ मध्ये बंदी घातली. तिथे भीती होती ती माशांना होणाऱ्या ‘व्हर्लिंग डिसीज’ची आणि न्यूझीलंड मड स्नेल या इवल्याशा गोगलगायीची. म्हणजे न्यूझीलंड बाहेरून आलेलं शैवाल पसरू नये म्हणून धडपडतं आणि बाकीचे न्यूझीलंडची गोगलगाय पसरू नये म्हणून.

नियम बदलतातही. व्हरमाँट राज्याने २०११ मध्ये घातलेली बंदी २०१६ मध्ये उठवली, कारण जीव काही फक्त फेल्टवरून पसरत नाहीत. नाड्या, मोजे, वेडरच्या घड्या सगळंच ओलं असतं. म्हणून जिथे जाणार तिथला चालू नियम परवाना काढतानाच विचारा. दोन वेगळ्या नियमांच्या प्रदेशांत जाणार असाल तर रबराचा सोल आणि काढता-घालता येणारे खिळे घ्या. फेल्टची दुसरी जोडी बाळगण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

११. विकतचे खिळे महाग आहेत. साधे स्क्रू मारले तर?

चालतात. षटकोनी डोक्याचे, पत्र्याला मारायचे आखूड स्क्रू जाड रबरी सोलमध्ये बसवता येतात. पकड स्क्रूच्या डोक्याच्या कडांनी मिळते. आधी सोलची जाडी मोजा आणि स्क्रू त्यापेक्षा निदान दोन-तीन मिलिमीटर आखूड घ्या, नाहीतर टोक तुमच्या तळव्यात आणि वेडरच्या मोज्यात जाईल. सोलच्या कडेने, टाचेला आणि चवड्याला मारा, मधल्या कमानीत नको. एका बुटाला दहा-बारा पुरतात. फार दाट मारले तर वजन सगळ्यांवर विभागलं जातं आणि एकही नीट रुतत नाही.

साधं लोखंड कार्बाइडपेक्षा लवकर झिजतं, गंजतं आणि अधूनमधून एखादा स्क्रू पडतो. बदलायला मिनिट लागतं. जुन्या ट्रेकिंग बुटांना हे करून पाण्यात वापरणारे पुष्कळ आहेत. पातळ किंवा हवेच्या कप्प्यांच्या सोलवर मात्र हा प्रयोग करू नका.

१२. वेडरच्या आत काय घालायचं?

सुती सोडून काहीही. सूत ओलावा धरून ठेवतं आणि अंग गार करतं, म्हणजे जीन्स तर सगळ्यात वाईट. अंगाला लागून लोकर किंवा पॉलिस्टर, त्यावर थंडीप्रमाणे फ्लीस. विजारीचे पाय मोज्यात खोचा म्हणजे वेडर चढवताना ते वर सरकत नाहीत.

१३. वेडरमध्ये पाणी भरलं की माणूस खाली ओढला जातो, हे खरं का?

नाही. वेडरमधलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारख्याच घनतेचं, त्यामुळे पाण्यात असेपर्यंत ते तुम्हाला खाली ओढत नाही. ली वुल्फ या अमेरिकी मासेमाराने हे पटवून द्यायला वेडर घालून पुलावरून नदीत उडी मारली होती आणि तो पोहत काठाला आला. धोका दुसराच आहे: भरलेल्या वेडरने पोहणं जड होतं, प्रवाह त्याला ढकलतो आणि काठावर चढताना ते सगळं पाणी उचलावं लागतं.

म्हणून कमरेचा पट्टा. बहुतेक वेडरबरोबर तो येतो आणि बहुतेक लोक तो सैल बांधतात. घट्ट बांधा, आणि वेडरच्या बाहेरून. पडलात तर पाणी पटकन पायांपर्यंत जात नाही. पट्टा आला नसेल तर कुठलाही ताणणारा, पटकन सुटणाऱ्या बकलाचा पट्टा चालेल. ही एक गोष्ट न घेता पैसे वाचवू नका. पडल्यावर पाठीवर झोपा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि प्रवाह संथ होईपर्यंत मध्येच उभं राहायची घाई करू नका. दगडांच्या फटीत पाऊल अडकलं तर प्रवाह तुम्हाला त्याच्यावरच आडवं करतो.

प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की ढकलणारा जोर चौपट. गुडघाभर वेगवान पाणी कमरभर संथ पाण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. एक मजबूत काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवत चाला. विकतची घडीची काठी सुंदर असते, पण जाड बांबू किंवा जुना झाडूचा दांडाही दोरी बांधून चालतो.

१४. नवे वेडर आतून ओले होतात. परत करू का?

आधी घाम आहे की गळती ते ठरवा. ओलसरपणा दोन्ही पायांत सारखा, मांड्यांवर आणि पोटावर पसरलेला असेल आणि चालून आल्यावर जास्त होत असेल, तर तो घाम आहे. एकाच जागी, एकाच पायात, थंडगार ओलं लागत असेल तर गळती. शंका असेल तर अंघोळीच्या टबात किंवा संथ पाण्यात न हलता वीस मिनिटं उभे राहा. तरी ओलं झालं तर परत करा, आणि ठिगळ लावायच्या आत करा. स्वतः गोंद लावलेला वेडर बहुतेक कोणी परत घेत नाही.

१५. छिद्र सापडतच नाही. शोधायचं कसं आणि बुजवायचं कशाने?

ब्रीदेबल वेडर उलटा करा आणि संशयाच्या भागावर औषधांच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. छिद्राच्या जागी गडद ठिपका उमटतो. हे काम विस्तवापासून लांब आणि हवेशीर जागी करा. सगळ्याच कापडांवर ठिपका तितका स्पष्ट दिसत नाही. तेव्हा अंधाऱ्या खोलीत वेडरच्या आत प्रखर टॉर्च धरून बाहेरून बघा. निओप्रीनच्या मोज्यांना दोन्ही उपाय लागू पडत नाहीत. त्यांत पाणी भरून बाहेर थेंब कुठे येतो ते पाहा, किंवा हवा कोंडून वरून साबणाचं पाणी लावा. सापडलं की लगेच पेनाने गोल करा, नाहीतर वाळल्यावर पुन्हा शोधत बसाल.

बारीक छिद्राला ॲक्वासीलसारखा यूरेथेन गोंद, वेडर पूर्ण वाळलेला असताना, आतून, नाण्याएवढ्या गोलात. रात्रभर हात लावू नका. मोठ्या चिरेला बाहेरून पट्टी चिकटवून दोन्ही कडा जुळवा, आतून गोंद भरा. काठावरच्या दुरुस्तीसाठी उन्हात घट्ट होणारा गोंद मिळतो, एक ट्यूब खिशात असू द्या. पीव्हीसीला पीव्हीसीचाच गोंद आणि ठिगळ लागतं. सायकलच्या पंक्चरचा सरंजाम रबरी वेडरला चालतो, पीव्हीसीवर तो काही दिवसांत सुटतो.

१६. कुणाचे वापरलेले वेडर आणि बूट घ्यावेत का?

वेडर सावधपणे, बूट त्याहून सावधपणे. वेडर उलटा करून शिवणीच्या पट्ट्या बघा. आतला थर सुटून फोड आले असतील, चिकट लागत असेल किंवा पापुद्रे पडत असतील तर सोडून द्या. लेप विघटित झालाय आणि त्याला गोंद नाही. रबर किंवा निओप्रीन वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर तेही संपलेलं आहे. चार-दोन ठिगळं असतील तर घाबरू नका, उलट मालक काळजी घेणारा होता असं धरा.

वर्षानुवर्षं पेटीत पडलेले बूट बाहेरून नवे दिसतात, पण मधल्या सोलचा पॉलियुरेथेन न वापरताही कुजतो आणि पहिल्याच फेरीत चुरा होऊन सोल गळून पडतो. अंगठ्याने मधल्या थरात दाबून बघा. भुगा किंवा भेगा दिसल्या तर फुकटसुद्धा घेऊ नका. झिजलेलं फेल्ट मात्र अडचण नाही. ते खरवडून, नवीन कापून, कॉन्टॅक्ट सिमेंटने चिकटवता येतं.

१७. कुठल्या सोयींवाचून चालेल?

पुढची जलरोधक झिप: चालेल, आणि किमतीतला बराच फरक तिचाच असतो. हात ऊबवायचे कप्पे, आतला काढता येणारा खिसा, चुंबकाची बटणं: चालेल. बुटांना नाडीऐवजी तारेची फिरकी: चालेल. ती छान असते, पण तार तुटली तर काठावर दुरुस्त होत नाही, नाडी होते. नाडीवरून घसरून बुटात खडे जाऊ नयेत म्हणून वेडरला जोडलेलं आवरण आणि त्याचा हूक: हे मात्र हवंच. खडा आत गेला की मोज्याची झीज सुरू झाली.

१८. स्वस्त वेडर जास्त दिवस कसे टिकवायचे?

कपडे बदलताना चटई टाका. मोज्यांनी खडीवर उभं राहिलं की आयुष्य निम्मं होतं. काटेरी कुंपण ओलांडण्यापेक्षा फाटक शोधा. घरी आल्यावर बाहेरून वाळवा, मग उलटून आतून वाळवा, सावलीत. घडी करून पेटीत दाबू नका, सैल टांगून ठेवा. रबर आणि निओप्रीन उन्हापासून आणि विजेच्या मोटरींपासून लांब ठेवा, कारण त्यांच्या ठिणग्यांतून तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो.

ब्रीदेबल वेडर घामाच्या मीठाने आणि तेलाने गुदमरतात, म्हणून मोसमात दोन-तीनदा सौम्य साबणाने हाताने धुवा. ब्लीच आणि कपडे मऊ करणारं द्रव्य वापरू नका. बाहेरच्या कापडावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे न राहता पसरू लागले तर जलरोधक फवारा पुन्हा द्या. तसं झालं म्हणजे वेडर गळतोय असं नाही, फक्त वाफ बाहेर जायची वाट बंद होते.

१९. एकाच दिवशी दोन ओढ्यांवर जायचंय. मध्ये वाळवायला वेळ नाही. काय करू?

एकाच नदीचे दोन भाग असतील तर वरून खाली या. वरचं जे काही असेल ते पाण्याबरोबर खाली येतच असतं. खालून वर मात्र ते तुमच्या बुटांवरूनच जातं.

वेगळ्या नद्या असतील तर सरळ उत्तर असं की मधे वेळ नसेल तर तेच बूट दुसऱ्या पाण्यात घालू नका. न्यूझीलंडमध्ये सांगतात की वस्तू आतबाहेर हाताला कोरडी लागल्यावर पुढे आणखी ४८ तास तशीच राहू द्यावी. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते होत नाही. भांडी धुवायच्या द्रवाचं ५ टक्के द्रावण डिडिमोवर चालतं, पण मड स्नेल त्याला दाद देत नाही. ब्रशने चिखल, शेवाळ, नाडीतली पानं काढणं तर करायचंच, पण त्याला निर्जंतुक करणं म्हणता येत नाही.

त्यामुळे गाडीत दुसरी जोडी ठेवा. वेडरची नव्हे, बुटांची: प्रश्न ११ मधले स्क्रू मारलेले जुने ट्रेकिंग बूट आणि एक कोरडी विजार. दुपारनंतर हवा तापलेली असते, दुसऱ्या ओढ्यावर भिजतच उतरा. पाणी तेव्हाही फार गार असेल तर दुसरा ओढा काठावरून करा.